बोटीच्या ट्रेलरवरच्या लाकडी पायऱ्या कुजल्या आहेत. नव्यांसाठी कोणतं लाकूड घेऊ, किती बोल्ट लागतील आणि वर कार्पेट लावू का?

कार्पेट लावू नका. बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल.

आम्ही मिशिगनमध्ये असतो. फायबरची बोट आहे, माझी आणि मेव्हण्याची भागीत. ट्रेलरच्या दांड्यावर विंचच्या (बोट ओढून घ्यायच्या चरखीच्या) खांबाशेजारी दोन पायऱ्या आहेत. मेव्हण्याने हौसेने त्यांवर राखाडी कार्पेट ताणून स्टेपल मारले. ओला पाय घसरत नाही आणि दिसायलाही झकास, हे त्याचं म्हणणं. हे भिजलं की वाळणार नाही, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. त्यावर उत्तर मिळालं, "भावोजी, तुम्हा कोकणातल्या लोकांना सगळीकडे ओलच दिसते." मेव्हणा पुण्याचा.

पुढे आई मालवणहून आली. तिचं माहेर मच्छीमारांचं, होड्या बघतच वाढलेली. पायरीवर पाय ठेवण्याआधी तिने अंगठ्याने दाबून बघितलं, "मेल्या, ह्यां कुसलां" म्हणाली आणि चढलीच नाही. मेव्हणा हसला. मी कड उचकटली. खाली लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं, स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. बोल्टांची नुसती डोकी शिल्लक होती, तीही कार्पेटखाली असल्यामुळे कोणाला दिसली नव्हती.

चूक मान्य करेल तर तो मेव्हणा कसला! हल्लीचं लाकूडच भिकार, म्हणे. यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिकवाली प्रक्रिया करणं 2003 अखेर बंद झालं. आताच्या प्रेशर-ट्रीटेड (दाबाखाली औषध मुरवलेल्या) लाकडात तांबं जास्त असतं आणि ओल असली की ते साधे चकचकीत झिंकचे बोल्ट खातं. म्हणून हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून जाड थर चढवलेले) किंवा स्टेनलेसच घ्यायचे. पण फळी कुजली ती कार्पेटनेच. बुरशीला सतत ओल लागते आणि कार्पेट ती पुरवतं. स्टेपलच्या भोकांतून पाणी आत जातं ते वेगळंच. आजोबांची होडी जन्मभर खाऱ्या पाण्यात, तरी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढली की ओंडक्यांवर उचलून ठेवायचे, खालून वारा खेळावा म्हणून. हे मी मेव्हण्याला सांगितलं तर म्हणतो, ते सागवान असणार. नव्हतं. आंब्याच्या फळ्या होत्या!

तर लाकूड: जमिनीला टेकलं तरी चालेल अशा दर्जाचं प्रेशर-ट्रीटेड, दोन बाय आठ इंची. ओक हवाच असेल तर व्हाइट ओक. रेड ओकच्या नळ्या उघड्या असतात, पाणी थेट आत शिरतं. कंपोझिट (भुसा आणि प्लास्टिकची फळी) हे मेव्हण्याचं पुढचं खूळ होतं, पण ते दोन आधारांमध्ये वाकतं, त्याला खाली जवळजवळ आधार लागतात. कापल्यावर फळीच्या टोकांना कॉपर नॅफ्थेनेट (तांब्याचं कूजरोधक औषध) दोनदा पाजा, कारण कारखान्यातली प्रक्रिया गाभ्यापर्यंत पोचलेली नसते आणि पाणी टोकांतूनच सर्वात जास्त ओढलं जातं. बोल्ट तीन सूत (3/8 इंच) जाडीचे, कॅरेज म्हणजे गोल डोक्याचे, खालून मोठे वायसर. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवा. घसरण्याची भीती असेल तर खरखरीत पट्टी चिकटवा, तीही पाऊल पडतं तेवढ्याच जागी.

हे सगळं लोखंडी ट्रेलरचं झालं. तुमचा अॅल्युमिनियमचा असेल तर हे तांबं मुरवलेलं लाकूड त्याला थेट टेकू देऊ नका, धातू खाल्ला जातो. मध्ये जाड प्लास्टिकची चकती घाला किंवा सरळ व्हाइट ओक वापरा. प्रेशर-ट्रीटेड लाकूड कापताना मास्क लावा, त्याचे तुकडे शेकोटीत जाळू नका. आणि ट्रेलर गाडीला जोडलेला नसताना त्या पायऱ्यांवरून बोटीत चढू नका. मागच्या टोकाला गेलात की दांडा वर उठतो.

बोल्ट किती? ब्रॅकेटला भोकं आहेत तितके.