वाचकांचे प्रश्न : कायोटी हाकेला येतो, पण टप्प्यात का येत नाही?

प्रश्न (नेब्रास्का) : इलेक्ट्रॉनिक कॉलरवर (प्राण्यांचे आवाज वाजवून शिकार जवळ बोलावणाऱ्या यंत्रावर) जखमी सशाचा आवाज लावतो. लांबून कायोटी (उत्तर अमेरिकेतला, कोल्ह्यासारखा दिसणारा रानटी प्राणी) निघालेला दिसतो, पण दोनेकशे यार्डांवर आला की बाजूला वळतो आणि दिसेनासा होतो. आवाज बदलू का?

उत्तर : आवाज बदलू नका, बसण्याची जागा बदला. कायोटी आवाजाकडे निघतो तो कानांच्या भरवशावर, पण शेवटच्या टप्प्यात त्याचा विश्वास फक्त नाकावर असतो. म्हणून तो वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या अंगाला जातो. तिथे सशाच्या जागी माणसाचा वास आला की तो परतलाच. पुढे तोच आवाज ऐकल्यावरही तो बुजतो, हे नुकसान जास्त मोठं.

‘वारा तोंडावर घेऊन बसा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे, कारण मग कायोटी वळसा घेऊन तुमच्या पाठीमागे पोहोचतो आणि तुमची नजर पुढे असते. त्याऐवजी वारा एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जाईल असे बसा. समजा, तो डावीकडून उजवीकडे वाहतोय. कॉलर डावीकडे, थोडा पुढे, ३० ते ५० यार्डांवर ठेवा. कायोटी वळसा घालेल तो कॉलरला धरून, म्हणजे तुमचा वास लागण्याआधी त्याला तुमच्या समोरून जावं लागेल. उजवीकडे १५०-२०० यार्ड मोकळी जागा हवीच. तिकडे दाट झुडपं असतील तर जागा कितीही छान वाटली तरी सोडून द्या. बसल्या बसल्या उजवीकडचं एखादं झुडूप मनात खूण म्हणून धरा : त्यापलीकडे तुमचा वास पोहोचतो, गोळी त्याआधी सुटायला हवी. दोघे असाल तर दुसऱ्याने याच बाजूवर नजर ठेवावी.

वास मारणाऱ्या फवाऱ्यांनी वास कमी होतो, जात नाही. त्यापेक्षा वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि बसल्यावर वारा पुन्हा तपासा. गाडीही नजरेआड लावा आणि दार आपटू नका. कित्येकदा जागेवर बसण्याआधीच शिकार संपलेली असते.

प्रश्न (कॅन्सस) : हाक किती मोठ्याने आणि किती वेळ द्यावी? दहा मिनिटांत काही आलं नाही की मी उठतो.

उत्तर : दहा मिनिटं कमी पडतात. मोकळ्या मैदानात १५ ते २० मिनिटं द्या, दाट जंगलात अर्धा तास. उठण्याआधी मान सावकाश फिरवून चौफेर पाहा. उभं राहिल्याबरोबर पळणारा कायोटी दिसणं हे फार जणांच्या वाट्याला येतं.

सुरुवात हळू आवाजात करा. कायोटी शंभर यार्डांवरच्या ओघळीत झोपलेला असू शकतो आणि एकदम कर्कश आवाजाने तो दचकून पळतो. मिनिट-दोन मिनिटांनी आवाज वाढवा. तोंडाने वाजवायचा कॉल असेल तर अर्धं मिनिट वाजवून थांबा आणि कानोसा घ्या. पुढची जागा मोकळ्या प्रदेशात साधारण मैलभर दूर, चढउताराच्या भागात अर्धा मैल पुरते. एकाच ठिकाणी दर आठवड्याला तोच आवाज लावू नका.

ऋतूही पाहा. शरद ऋतूत त्याच वर्षीची तरुण पिलं एकेकटी हिंडत असतात. आव्हानाची आरोळी ऐकून ती शेपूट घालतात. तेव्हा सशाचा किंवा उंदराचा आवाज बरा. जानेवारी ते मार्च हा जोडीचा काळ, तेव्हा एकट्या कायोटीची साधी आरोळी उत्तम चालते. पिलाच्या विव्हळण्याला मे-जूनमध्ये आईबाप धावत येतात हे खरं, पण त्या काळात बिळातली पिलं त्यांच्यावरच जगत असतात. पाळीव जनावरांचं खरोखर नुकसान होत नसेल तर तेव्हा हा आवाज लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (टेक्सास) : कायोटी अचानक ४० यार्डांवर उभा असतो आणि रायफल उचलेपर्यंत पसार होतो.

उत्तर : रायफल उचलावी लागते, हीच चूक. बसल्यापासून ती तिकाटण्यावर, अपेक्षित दिशेला रोखलेली असू द्या. स्कोप (रायफलवरची दुर्बीण) सर्वांत कमी पटीवर ठेवा. १२ पटीवर जवळचं जनावर सापडतच नाही. रिमोट मांडीवर ठेवा, चेहरा आणि हात झाका, पाठ झाडाला टेका आणि सावलीत बसा. हलायचंच असेल तर त्याचं डोकं झुडपाआड गेल्यावर हला. चालता कायोटी थांबवायला तोंडाने एकच छोटं भुंका, पण नेम तयार असेल तेव्हाच. .२२३ कॅलिबरची रायफल २०० यार्डांवर शून्य केली (म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर लागेल अशी जुळवली) तर १०० यार्डांवर गोळी साधारण दीड इंच वर लागते. दाट झाडीत मात्र १२ बोअरची शॉटगन सोयीची, ४० यार्डांच्या आत.

गोळी लागल्यावर धावत सुटू नका. लगेच पिलाचा आवाज लावा आणि पाचेक मिनिटं जागेवर राहा. जोडीदार बऱ्याचदा मागेच असतो.

प्रश्न (न्यू जर्सी) : मी एच-वन-बी (नोकरीसाठीच्या तात्पुरत्या) व्हिसावर आहे. मित्राची रायफल वापरली तर चालेल ना?

उत्तर : शिकारीचा वैध परवाना नसेल तर नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगण्यास मनाई आहे आणि इथे मालकी कोणाची याने फरक पडत नाही. ठरावीक अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. तो आधी काढा, मुदत तपासा आणि बरोबर बाळगा. व्हिसाचा प्रश्न असल्याने वकिलाला एकदा विचारणंही योग्य. राज्यांचे नियम वेगळे : न्यूयॉर्कमध्ये कायोटीचा हंगाम ठरलेला आहे, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. रात्रीची शिकार, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक कॉलर यांचे नियम दरवर्षी राज्याच्या वन्यजीव विभागाकडून तपासा.

प्रश्न (विस्कॉन्सिन) : लांडगा आणि कायोटी लांबून कसे ओळखायचे?

उत्तर : केवळ आकारावर जाऊ नका. हिवाळी केसांत कायोटी थोराड दिसतो आणि शरदातलं लांडग्याचं पिल्लू जवळपास त्याच्याएवढंच असतं. कायोटीचा मुस्कट निमुळता, कान उंच आणि टोकदार. लांडग्याचा मुस्कट रुंद, कान डोक्याच्या मानाने आखूड आणि गोलसर, पाय लांब आणि पंजे मोठे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या पाच काउंट्यांत तांबडे लांडगे आहेत आणि ते कायोटीशी आणखी जास्त मिळतेजुळते असतात. तिथे कायोटीच्या शिकारीचे नियमही वेगळे आहेत. खात्री नसेल तर चापाला बोट लावू नका.