आमच्या जुन्या गेमचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करावा का?

तुम्ही लिहिलंय की 2009 मध्ये मित्रासोबत केलेला पीसी गेम आता कुठेच विकला जात नाही, त्याचा सोर्स कोड, म्हणजे तुम्ही लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, पडून आहे, पण खुला केला तर लोक चोरतील आणि कोडिंगला नावं ठेवतील. माझं सरळ मत, करा, आणि पुढच्या वर्षावर ढकलू नका.

मी कॉलेजला असताना सी++ मध्ये कॅरमचा गेम केला होता. सोंगटी कडेला आपटून किती वेगाने परत यायला हवी ते आकडे रात्र रात्र जागून जमवले होते. मग एक दिवस हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली, दुरुस्तीवाल्याने दोन दिवसांनी फोन करून सांगितलं की यातून काहीच निघत नाही, संपलं. आज ते आकडे कुठेच नाहीत, अजून वाईट वाटतं.

प्रिन्स ऑफ पर्शिया या प्रसिद्ध गेमचंही असंच होणार होतं. 1989 मध्ये ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर आलेल्या या गेमचा जॉर्डन मेकनरने लिहिलेला ओरिजिनल कोड हरवला असंच धरलेलं, 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरात फ्लॉपींचं खोकं सापडलं, वीस वर्षांहून जुन्या फ्लॉपी, नशीब म्हणून वाचता आल्या आणि त्याने कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकला. प्रत्येकाला असं खोकं सापडत नाही हो.

चोरीची भीती असेल तर डूम या नेमबाजीच्या गेमचं बघा. गेम 1993 चा, कोड डिसेंबर 1997 मध्ये आला, पण लेव्हल्स, चित्रं, आवाज हे काहीच फुकट दिलं नाही, म्हणजे कोड खुला आणि गेम तरीही विकत घ्यायचा. आणि डॉस या जुन्या सिस्टिमवरच्या गेमचा कोड न देता लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवरचा दिला, कारण डॉसच्या गेममधली साउंड लायब्ररी, म्हणजे आवाजासाठीचा तयार कोड, दुसऱ्याची होती. तुम्हीही आधी हेच तपासा, फिजिक्स, साउंड, फॉन्ट, विकत घेतलेलं जे असेल ते काढून टाका, त्या जागी गेम मुका राहिला तरी चालेल, लोक नवीन बसवतात. डूमचा तोच कोड 1999 मध्ये जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आला आणि अजूनही लोक त्यावर काम करतायत. तुम्हीही जीपीएलच घ्या, म्हणजे कोणी बदल करून गेम वाटला तर त्यालाही आपला कोड द्यावा लागतो.

एकच खरा धोका आहे, ऑनलाइन खेळण्याचा. क्वेक या ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या गेमचा कोड 1999 मध्ये आल्यावर लगेच चीटिंग सुरू झालं होतं. तुमचा सर्व्हर चालू असेल तर आधी बंद करा आणि कोडमधले पासवर्ड शोधून पुसून टाका.

नावं ठेवणारे ठेवू देत, त्यासाठी कॉमेंट्स पुसू नका, कुठलं गणित का केलंय ते त्यातूनच कळतं. मित्राची परवानगी मात्र लेखी घ्या, अर्धा कोड त्याचा आहे.

आणि टाकायच्या आधी एकदा बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालणारा गेम बनवून, बघा. जमलं नाही तर इथेच कळवा, माझ्याकडे जुन्या विंडोज एक्सपीचं मशीन आणि त्यावर बिल्ड करायचं सॉफ्टवेअर, व्हिज्युअल स्टुडिओ 2008, अजून चालू आहे, शनिवारी बसून करून देईन.