नॅनो का चालली नाही?

प्रश्न: आमच्या सोसायटीत एक पिवळी नॅनो कितीतरी वर्षं धूळ खात उभीये, मालक आता विकायची म्हणतोय. आत बसून बघितली, मी सहा फुटी तरी डोकं टेकलं नाही. मग एवढी चांगली गाडी चालली का नाही? आणि शिकण्यापुरती घेऊ का?
- एक वाचक, चिंचवड

उत्तर: तुमचं डोकं टेकलं नाही कारण इंजिन मागच्या सीटखाली आणि चाकं पार चार कोपऱ्यांत, म्हणून जेमतेम 3.1 मीटरच्या गाडीत चार मोठी माणसं नीट मावतात. टाटा मोटर्समधल्या, पुण्यातल्या गिरीश वाघांच्या टीमचं हे काम, मला अजूनही त्याचं फार कौतुक वाटतं.

पण रोज वापरणाऱ्याचं काय? सुरुवातीच्या नॅनोची डिकी बाहेरून उघडायचीच नाही, म्हणजे बाजारातून गव्हाचं पोतं आणलं की मागची सीट पाडायची, पोतं आतून पलीकडे ढकलायचं आणि परत सीट उभी करायची. पेट्रोल भरायलाही पुढचं बॉनेट उघडा. वायपर एकच, चाकाला नट तीनच, बेस मॉडेलला डावीकडचा आरसा नाही. हे सगळं एक लाखात गाडी द्यायचा टाटांचा शब्द पाळायला केलेलं, पण बघणाऱ्याला जागा दिसायची नाही, काय काय कापलंय तेच दिसायचं.

आणि आपल्याकडे पहिली गाडी म्हणजे घरातलं कार्यच असतं हो, हार, नारळ, चाकाखाली लिंबू, शेजारपाजारी पेढे. त्या दिवशी कोणी "सगळ्यात स्वस्तातली ना ही?" म्हटलं की सगळा आनंद गेला. पावसात स्कूटरवर भिजणाऱ्या कुटुंबासाठी रतन टाटांनी ही गाडी मनात आणली, पण त्याच कुटुंबाला थोडे पैसे घालून जुनी मारुती 800 जास्त मानाची वाटली. 'सर्वात स्वस्त' म्हणून विकली ही चूक झाली असं टाटा स्वतःच नंतर म्हणाले.

त्यात 2008 ला जमिनीच्या आंदोलनामुळे बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातमधल्या साणंदला जावं लागलं, तिथला कारखाना 2010 ला सुरू झाला, तोवर 2008 मधली हवा ओसरलेली, आणि काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांनी लोक आणखी बिचकले. वर्षाला अडीच लाख गाड्यांची तयारी, पण सगळ्यात चांगल्या वर्षात, 2011-12 ला, खपल्या साधारण 74 हजार. जून 2018 मध्ये तर अख्ख्या महिन्यात एकच गाडी बनली. उघडणारी डिकी 2015 ला आली, फार उशीर झाला, हीच पहिल्या दिवशी असती तर निम्मी कुरकुर झाली नसती असं मला मनापासून वाटतं.

तुमचं म्हणाल तर कॉलनीत शिकायला घ्या, वळायला इतकी सोपी गाडी शोधून सापडणार नाही. फक्त पॉवर स्टिअरिंग आणि उघडणारी डिकी आहे का बघा, इतकी वर्षं उभी असलेल्या गाडीचे टायर, बॅटरी आणि पेट्रोलचे पाइप बदलायचा खर्च धरूनच भाव करा. एक्सप्रेसवेला मात्र नेऊ नका, एअरबॅग नाहीत आणि 2014 च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-सुरक्षा टेस्टमध्ये तिला शून्य स्टार मिळाले होते.