रविवारी फोन आला की पहिल्याच मिनिटात सांग

पोरी,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग झोपच लागली नाही, म्हणून लिहायला बसलेय. फोनवर मी तुला धड काही बोललेच नाही, नुसतं हं हं करत राहिले, कारण तू सांगत होतीस ते ऐकताना मला माझंच घर दिसत होतं. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन नऊ दिवस झाले, उजवी बाजू गेलीय, बोलणं अडखळतंय, भाऊ तिकडे ओडिशात आयएनएस चिल्काला, नेव्हीच्या अग्निवीर ट्रेनिंगला, सोळातले सात आठवडे झालेत नि नऊ राहिलेत, आणि मामा, आत्या सगळे एका सुरात सांगतायत की पोराला कळू द्यायचं नाही, पासिंग आऊट परेड होऊ दे मग बघू. मागच्या रविवारी तू त्याला सांगितलंस, बाबा रानात गेलेत उसाला पाणी द्यायला. आणि आता विचारतेस, काकू, या रविवारी काय सांगू?

खरं सांग.

एवढंच लिहून पत्र संपवलं असतं, पण तुला घरात मोठ्या माणसांपुढे उभं राहायचंय, नुसतं "काकू म्हणाल्या" एवढ्यावर तुझं कोण ऐकणार. म्हणून माझं सांगते. हे मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही.

आमचा पोरगा अग्निवीरांच्या पहिल्याच बॅचचा. जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा घरात केवढे वाद झाले होते, चार वर्षांची नोकरी ही काय नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे ठेवणार, पहिल्या वर्षी ३० हजारातले २१ हजार हातात. ह्यांचं म्हणणं होतं आधी ग्रॅज्युएशन कर. तेव्हा सासूबाई मधे पडल्या, "जाऊ द्या त्याला, पाण्यावर जाणारा आपल्यातला पयलाच हाय." आमच्याकडे सगळं आर्मीचं. सासूबाईंचं माहेर अपशिंगे, म्हणजे बघ, पहिल्या महायुद्धात ज्या एका गावातले ४६ जवान पडले ते गाव. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत. नेव्ही कुणालाच माहीत नव्हती, पण आजीनं हो म्हटलं म्हणजे विषय संपला, कारण पोरगा तिचाच होता. मी नोकरीला, सकाळची एसटी पकडायचे ती दिवेलागणीला परत. त्याला न्हाऊ घातलं तिनं, शाळेत सोडलं तिनं. फक्त विहिरीवर कधी जाऊ दिलं नाही, गावातली सगळी पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकली, हा मात्र काठावर बसून.

नोव्हेंबर २०२२ ला तो गेला. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सासूबाई गेल्या. पहाटे, झोपेतच.

तिरडी बांधायच्या आधी अंगणात दहा मिनिटांत ठरलं की पोराला सांगायचं नाही. कोण पहिल्यांदा म्हणालं ते आठवत नाही, कदाचित मीच. कारण मला माहीत होतं त्याचं पोहणं अडकलंय. फोनवर म्हणायचा, आई बाकी सगळं जमतं गं, पीटी जमते, ड्रिल जमतं, पाण्यात उडी मारायला लावली की पोटात गोळा येतो. मला वाटलं हे ऐकून तो पाण्यात उतरणारच नाही, मागून येणाऱ्या बॅचला टाकतील, नाहीतर घरीच पाठवतील, आणि मग आयुष्यभर आजीमुळे माझं गेलं असं म्हणत बसेल. तू काल जे बोललीस ना, "त्याचं नुकसान व्हायला नको", अगदी हेच शब्द माझ्या तोंडात होते गं.

मग रविवार आले. आजीला फोन दे. आजी झोपलीय. पुढच्या रविवारी, आजी देवळात गेलीय. त्याच्या पुढच्या, आजीला आता ऐकू कमी येतं बाळा, फोनवर तिला समजत नाही, तुझं बोलणं मी सांगते तिला. हे तिसरं मी आदल्या रात्री विचार करून ठरवलं होतं आणि मला बरं वाटलं होतं, की आता दर आठवड्याला नवीन काही शोधायला नको. तुला हे मुद्दाम सांगतेय. तुझी पहिली खोटी गोष्ट "रानात गेलेत" ही तोंडातनं आपोआप निघाली, पण दुसरी तुला बसून बनवावी लागेल आणि तिसरी बनवताना तुला त्यात हुशारी वाटायला लागेल. तिथपर्यंत जाऊ नकोस. या रविवारीच सांग.

त्याच्याच बॅचला आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा होता. त्याच्या आईनं फोनवर सहज सांगितलं, तिला काय माहीत आम्ही लपवलंय. तो बिचारा जेवणाच्या रांगेत आमच्या पोराला म्हणाला, तुझी आजी गेली ना रे, वाईट झालं. हातात थाळी, पुढे-मागे पोरं उभी, आणि जेवून लगेच पुढच्या पिरियडला पळायचं. असं कळलं त्याला. फेब्रुवारीच्या शेवटी.

आणि तो मला काही बोलला नाही. पुढचे तीन रविवार त्यानं नेहमीसारखा फोन केला आणि तिन्ही वेळा विचारलं, आजी कशी आहे? मी तिन्ही वेळा सांगितलं, बरी आहे, तुझी आठवण काढते.

२८ मार्च २०२३ ला परेड होती. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेसनं गेलो, दीड दिवसाचा प्रवास, मांडीवर कंदी पेढ्यांचा डबा. परेड सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात, सुमारे २६०० पोरंपोरी पांढऱ्या ड्रेसमध्ये, त्यात २७० वर मुली, नेव्हीत मुली अशा पहिल्यांदाच खलाशी म्हणून तयार झालेल्या. माझ्या शेजारी एक बाई होती, तिची मुलगी परेडमध्ये, आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती तरी हात धरून बसलो होतो. एवढा आनंदाचा दिवस, आणि मला एकच धास्ती, आता तो समोर येईल आणि आजीचं विचारेल, तर कसं सांगायचं. गाडीत ह्यांच्याशी चार वेळा घोकलं होतं.

तो आला, पाया पडला, मिठी मारली, ह्यांना सॅल्यूट केला. आणि आजीचं विचारलंच नाही. पेढ्यांचा डबा उघडला, तो सासूबाईंचा जुना पितळी डबा होता, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. त्या नावावरनं त्यानं अंगठा फिरवला, एक पेढा तोंडात टाकला, डबा बंद केला आणि ह्यांना म्हणाला, बाबा, प्रवास कसा झाला? तेव्हाच मला कळलं. रात्री मला एकटीला गाठून एवढंच बोलला, "आई, मी तुला तीनदा चान्स दिला."

आणि पोहणं? ज्या आठवड्यात त्याला कळलं त्याच आठवड्यात तो पोहण्यात पास झाला. याचा अर्थ काय लावायचा मला आजही समजत नाही. पण जे होईल म्हणून आम्ही नऊ आठवडे खोटं बोललो ते झालंच नाही, एवढं मात्र खरं.

आता तू म्हणशील, काकू, तुमचं वेगळं होतं, गेलेलं माणूस, आमचे बाबा तर आहेत. अगं मग तर जास्तच सांग! माझ्या पोराला आजीशी बोलायची संधी माझ्यामुळे गेली असं नाही, ती गेलीच होती. तुझे बाबा जिवंत आहेत, अडखळत का होईना बोलतायत. तुझा भाऊ म्हणेल बाबांना फोन दे, तू किती रविवार रानात पाठवणार त्यांना? ऊस तोडणीला येईपर्यंत?

मी काही मुलखावेगळी नव्हते, हेही ऐक. आमच्या घरात रीतच तशी होती. १९७१ ला सासरे सीमेवर असताना सासूबाईंची पहिली मुलगी तापानं गेली, अडीच वर्षांची. त्यांनी पत्रात लिहिलं नाही. दर पत्रात, पोरगी मजेत आहे. सासरे रजेवर आले तेव्हा दारात कळलं. ही गोष्ट सासूबाई ताठ मानेनं सांगायच्या, फौजीच्या बायकोनं असं काळजावर दगड ठेवून राहायचं असतं म्हणून, आणि मी लग्न होऊन आल्यापासून तेच ऐकत आले, मग मी दुसरं काय करणार होते सांग. लढाईत उभ्या माणसाला कळवायचं नाही यात तेव्हा काही अर्थ असेलही. पत्राला किती दिवस लागायचे, रजा मिळणार नाही हे नक्की. पण सासऱ्यांनी मरेपर्यंत त्या मुलीचं नाव घेतलं नाही. सासूबाई म्हणायच्या, शूर माणूस, दुःख गिळलं. मलाही तसंच वाटायचं. आता माझ्या पोराचं बोलणं ऐकते तेव्हा वाटतं, ते रागावले होते.

कारण माझा पोरगाही आता मला खरं सांगत नाही. फोन करतो, वेळेवर करतो, पैसे पाठवतो, सगळं ठीक आहे म्हणतो. गेल्या वर्षी जहाजावर त्याच्या हाताला लागलं, टाके पडले, मला पाच महिन्यांनी त्याच्या मित्राकडनं कळलं. मी विचारलं तर म्हणाला, तुला टेन्शन नको म्हणून. माझेच शब्द. मी काय बोलणार?

म्हणून सांग. आणि कसं सांगायचं तेही ऐक, नाहीतर तू घाबरून शेवटच्या मिनिटात सांगशील आणि फोन कट होईल, आणि पोरगं आठवडाभर अर्धवट ऐकलेलं घेऊन फिरेल. आधी त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरला कळव. नेव्हीत प्रत्येक ट्रेनीवर असा एक ऑफिसर असतो, त्याचं कामच आहे हे, पोरांच्या घरच्या अडचणी त्यालाच बघायच्या असतात. जॉइनिंगच्या कागदांवर पत्ता आणि फोन असेल, भावाचा ट्रेनिंगमधला नंबरही लिहून ठेव समोर. त्यांना सांग की घरी असं असं झालंय आणि मी रविवारी त्याला सांगणार आहे, म्हणजे फोन ठेवल्यावर तिथे त्याच्याजवळ कुणीतरी माणूस असेल. माझ्या पोराजवळ थाळी होती फक्त.

मग फोन आला की पहिल्याच मिनिटात. आजाराचं नाव घे. कधी झालं, कुठे ऍडमिट आहेत, डॉक्टर काय म्हणाले, रात्री कोण थांबतं, उसाचं पाणी कोण बघतंय. जे तुला माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांग. "काळजी करू नको" हे वाक्य तोंडातनं काढू नकोस, वडील आहेत ते त्याचे, काळजी करेल नाहीतर काय करेल. मागच्या रविवारी मी खोटं बोलले हेही सांग, ते तर आधी सांग. रडू आलं तर येऊ दे. आणि मग फोन बाबांच्या कानाला लाव, चार तुटक शब्द निघतील, तेवढे पुरे आहेत.

ये म्हणू नकोस आणि येऊ नको असंही म्हणू नकोस. अग्निवीराला स्वतःच्या मर्जीनं मधेच सोडून येता येत नाही, अपवाद सोडला तर, त्यामुळे "सगळं टाकून पळून येईल" ही तुझ्या मामांची भीती निम्मी तिथेच संपते. रजा मिळेल का, किती मिळेल, ते त्याचे ऑफिसर ठरवतील, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला तयार ठेव. समजा आठवडे बुडाले आणि मागून येणाऱ्या बॅचला गेला, तर जाऊ दे. काही महिने उशीर झालेला माणूस भरून काढतो गं. हे दुसरं भरून निघत नाही, मी तीन वर्षं बघतेय.

बाबांनी शपथ घातलीय म्हणालीस. मला राग आला होता काल, म्हणून मी गप्प बसले. आजारी माणसानं पोरीला शपथ घालायची आणि पोरीनं ती दर रविवारी एकटीनं वाहायची, हे बरोबर नाही, आणि बाबांना वाईट वाटेल तर वाटू दे, ते जिवंत आहेत, तुझ्यावर रागावतील नि दोन दिवसांनी विसरतील. तरी त्यांच्यापाठी करू नकोस. शनिवारी त्यांच्याजवळ बस आणि सांग की मी उद्या सांगणार आहे. परवानगी मागू नकोस, सांग. हट्टीपणा वाटतोय ना माझा? आहेच. हा हट्ट मला फार महागात मिळालाय आणि तो तुला फुकट देतेय तर घे.

तेवीस वर्षांची तू, हॉस्पिटल बघतेस, रान बघतेस, आईला धीर देतेस, वर हे नाटकही तूच करायचं? जेवतेस का वेळेवर?

मामांना माझा नंबर दे, त्यांच्याशी मी बोलते. आणि भावाचा फोन किती वाजता येतो ते उद्याच कळव. मी रविवारी सकाळच्या एसटीनं कोरेगावला येते आणि थेट तुझ्याकडे येऊन बसते, येताना भाकरी नि पिठलं घेऊन येईन, तू स्वयंपाकाला लागू नकोस. फोन मात्र तूच घ्यायचा.

तुझी,
काकू
करंजे, सातारा