आई दिवसभर पेंगते, गोळी बंद करू का?

प्रश्न: आईला डिमेन्शिया आहे, केअर सेंटरमध्ये ठेवलंय. संध्याकाळी ओरडते म्हणून तिथे क्वेटियापिन (मानसिक आजारांवरची, अँटिसायकोटिक प्रकारची गोळी) सुरू केलं, आता दिवसभर पेंगत असते. बंद करू का?

उत्तर: ताई, एकदम बंद नका करू हं, डॉक्टरांशी बोलून हळूहळूच. पण शंका अगदी बरोबर आहे तुमची, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००५ सालीच इशारा दिलाय की डिमेन्शिया असलेल्या म्हाताऱ्या माणसांत या प्रकारच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका साधारण १.६ ते १.७ पट होतो, शिवाय पडणं, स्ट्रोक हेही आहेच. आधी बघा आईंना कुठे दुखतंय का, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, बिचाऱ्यांना सांगता येत नाही म्हणून ओरडतात हो! मारहाण किंवा घाबरवणारे भास असतील तरच गोळी, तीही कमीत कमी डोसमध्ये, आणि कधी थांबवायची ते आत्ताच विचारून घ्या.