पहिल्या घरभेटीला जाण्याआधी

मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तू गरजूंच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या आपल्या गटात नाव दिलंस, फार बरं वाटलं. आता थोडं सांगते.

एकटी जाऊ नकोस, दोघी मिळून जा. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि सोबत्यांनी संत विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली, तेव्हापासून घरभेट हाच या कामाचा कणा आहे. पैशांचं पाकीट पोचवणं सोपं असतं. पण ताडीवाला रोडच्या वस्तीतल्या एखाद्या खोलीत अर्धा तास बसलीस, तरच कळेल की सिलिंडर संपलाय आणि आजी बीपीची गोळी दिवसाआड घेतायत. चहा पुढे केला तर घेच, देण्याचा मान त्यांनाही हवा असतो. फोटो अजिबात नको. तिथे ऐकलेलं चर्चच्या आवारात बोलायचं नाही. आणि घर ख्रिस्ती नसलं तरी मदत तीच.

दवाखान्याचं बिल आलं की सगळे वर्गणीच्या मागे लागतात. आधी रुग्णालय धर्मादाय आहे का ते बघ. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेट, तेही पेशंट दाखल होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी फार धावपळ होते.

एकट्या विधवा बाईंना दरमहा सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून दिलास, तर तो धान्याच्या पिशवीपेक्षा जास्त दिवस पुरेल. पिशवी भरशील तेव्हा तांदळासोबत तेल, चहा-साखर आणि साबणही घाल.