रस्टमधला इनम लायब्ररीबाहेर देताना

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतला इनम (ठरावीक प्रकारांची यादी असलेला टाइप) बाहेरच्यांना वापरायला देताना काय काळजी घ्यावी, हे क्रेट (रस्टमधलं लायब्ररीचं पॅकेज) प्रकाशित करण्याआधीच विचारलंत ते फार बरं झालं, नंतर ही दुरुस्ती महाग पडते.

पब्लिक इनममध्ये पुढे प्रकार वाढणार असतील, तर पहिल्याच आवृत्तीत त्यावर 'नॉन_एक्झॉस्टिव्ह' हे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे कंपायलरसाठीची खूण, लावा. रस्ट 1.40 पासून ते आहे. ते असलं की दुसऱ्या क्रेटमधल्या मॅचला (प्रत्येक प्रकारासाठी वेगळी शाखा लिहायची रचना) अंडरस्कोरची, म्हणजे 'बाकी सगळे' पकडणारी, शाखा सक्तीची होते. मग जेपेग आणि पीएनजी असलेल्या इनममध्ये उद्या वेबपी घातलं, तरी कुणाचा बिल्ड मोडत नाही. अ‍ॅट्रिब्यूट मागाहून लावलंत, तर तोच बदल ब्रेकिंग, म्हणजे वापरणाऱ्यांचा कोड मोडणारा, ठरतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका दोन:

- अंडरस्कोरच्या शाखेत पॅनिक लिहिणं. कंपाइल बिनबोभाट होतं, पण पहिली वेबपी फाइल आली की चालता प्रोग्रॅम कोसळतो. तिथे 'हा फॉरमॅट चालत नाही' असा एरर परत द्या.
- स्वतःच्या क्रेटमध्येही अंडरस्कोर वापरणं. तिथे अ‍ॅट्रिब्यूटची सक्ती नसतेच. सगळे प्रकार नावानिशी लिहा. एखादा राहिला तर कंपायलर नेमकं बोट ठेवतो.

आठवड्याच्या वारांसारख्या न वाढणाऱ्या यादीला हे लावू नका. वापरणाऱ्याला उगाच निरुपयोगी शाखा लिहावी लागते.